परतरावांचा राजीनामा

परतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर आहे आणि ते तिथेच बरं आहे, कारण त्या नावाने कुणी हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघत नाहीत. परवाना कार्यालयात तळमजल्यावर, जिन्याला लागून तपासणीचं टेबल आहे, तिथे ते बावीस वर्षं बसले. कुणाला दुकानावर पाटी लावायची असो, रस्त्याकडेला हातगाडी उभी करायची असो, नाहीतर घरात कुत्रा पाळायचा असो, अर्ज आधी त्या टेबलावर यायचा. परतराव तो वाचायचे, त्यात खोट काढायचे, वर गुलाबी चिठ्ठी टाचायचे आणि अर्ज परत. म्हणून परतराव.

आता खोट नसेल तर? हा प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्यांना पडतो, परतरावांना कधी पडला नाही. एका बाईंनी कुत्र्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो चार वेळा परत गेला. पाचव्या वेळी बाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, कुत्रा गेला हो. परतरावांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि परवान्याची गरज उरली नसल्याचा अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा ते नीट समजावून सांगितलं. बाईंनी तो केला. तोही परत गेला, कुत्र्याचा अलीकडचा फोटो जोडलेला नाही म्हणून.

माणूस दुष्ट मुळीच नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला तसंच घडवलेलं होतं. त्याच टेबलावर त्यांच्या आधी त्यांचे वडील बसायचे. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी टेबलाचा खण उघडून मुलाला दोन शिक्के दाखवले. एक लाल, ‘त्रुटी’ असा, झिजून गुळगुळीत झालेला. दुसरा निळा, ‘तपासले, त्रुटी नाही’ असा, नवाकोरा. बाबांनी बजावलं की हा निळा जपायचा, वापरायचा नाही. त्यांनी स्वतः तो अख्ख्या नोकरीत एकदाच मारला होता, मुलाच्या नोकरीच्या अर्जावर. त्या अर्जाला फोटो नव्हता. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि बाबा ती सांगताना आजही आवाज खाली आणतात.

घरी तरी काय वेगळं? बायकोने सामानाची यादी दिली की परतराव बाजारात जायच्या आधी ती तिला परत करायचे. साबण म्हणजे अंगाचा की कपड्यांचा, खुलासा व्हावा. मुलगी तर शहाणी होऊन लहानपणापासून शाळेच्या कागदांवर आईचीच सही घ्यायची. आणि बायको? ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीत उभी असायची आणि तिचं वेड निराळंच होतं. तिला तारखेशिवाय चैन पडायचं नाही. औषधाच्या बाटलीवर तारीख लिहायची सवय, ती तिच्याबरोबर घरी आली. मिठाच्या बरणीवर तारीख, नव्या झाडूच्या दांड्यावर तारीख, साबण उघडला की त्याच्या वेष्टनावर तारीख. परतराव म्हणायचे, लग्नाच्या दिवशी माझ्या कोटाच्या अस्तरावरही हिने लिहून ठेवली असेल. दोघांचं बरं चाललं होतं.

बरं चाललं नव्हतं ते परतरावांचं एकट्याचं. बावीस वर्षांत त्यांना आपल्या कामाचा असा कंटाळा आला होता की त्याला काय म्हणावं. सकाळी चष्मा डोळ्यांवर चढवला की जीव जड व्हायचा. समोरच्या खिडकीला चौतीस गज होते आणि त्यातले अकरा गंजलेले होते. पंखा चाळीस फेऱ्या झाल्या की एकदा कण्हायचा. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना आता खोट शोधावी लागतच नव्हती. कागद हातात आला की खोट आपण होऊन समोर यायची, हात आपण होऊन चिठ्ठी लिहायचा आणि परतराव नुसते बाजूला बसून बघत राहायचे. रविवारी दुपारचे चार वाजले की त्यांचा चेहरा उतरायचा, कारण मागोमाग सोमवार यायचा.

अशातच त्यांच्या खुर्चीने मान टाकली. वेताची खुर्ची होती, बाबांच्या काळातली. बैठकीचा वेत मधोमध तुटला आणि परतराव एके दिवशी कमरेपर्यंत आत गेले. त्यांनी दुरुस्तीचा रीतसर मागणी अर्ज केला. कार्यालयाचा नियम असा की अर्ज बाहेरचा असो वा आतला, तपासणीच्या टेबलावरून जायलाच हवा. तो तीन दिवसांनी फिरून त्यांच्याच टेबलावर आला. खुर्चीचा क्रमांक लिहिलेला नव्हता. क्रमांक बैठकीच्या खालच्या पट्टीवर होता आणि ती पट्टी तुटून पडली होती. परतरावांनी अर्ज परत केला. मग पुढची तीन वर्षं ते खुर्चीवर फळी टाकून बसले. शिपाईमामा, म्हणजे कार्यालयाचे सगळ्यात जुने शिपाई, येता-जाता त्या फळीकडे बघून जायचे.

शेवटी कंबर धरली तेव्हा एका शनिवारी परतरावांनी खुर्ची डोक्यावर घेतली आणि कार्यालयामागच्या बोळात नेली. तिथे एका माणसाला बसता येईल एवढ्या खोलीत वेतकाका खुर्च्या विणायचे. सत्तरीचा माणूस, बोटं झाडाच्या मुळांसारखी झालेली. त्यांनी खुर्ची उलटी केली, टोच्याने एकेका भोकातला जुना वेत ठोकून काढला, बादलीत भिजत पडलेली पट्टी उचलली आणि विणायला घेतलं. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरक्या. पट्टी सुटू नये म्हणून भोकात लाकडाची छोटी खुंटी. परतराव उभ्याउभ्याच बघत होते. मग ते उंबऱ्यावर बसले. चार तास गेले. घरून मुलीचा फोन आला तेव्हा त्यांना कळलं की आपण जेवलेलो नाही.

सोमवारपासून ते डबा घेऊन मधल्या सुट्टीत बोळात जायला लागले. दोन आठवड्यांनी वेतकाकांनी त्यांच्या हातात एक मोडकी खुर्ची दिली आणि सांगितलं, बघत काय बसता साहेब, करा. परतरावांनी केली. वेतकाका जी खुर्ची दोन दिवसांत विणायचे तिला परतरावांना पाच आठवडे लागले, कारण एक पट्टी चुकली की ते सगळं उसवायचे. वेतकाका कपाळाला हात लावायचे. एकदा वाकवलेला वेत उलटा ओढला की तडकतो, मग ती पट्टी फुकट जाते. चूक दिसली आणि पुढची ओळ त्यावरून गेली असेल तर तसंच पुढे जायचं असतं, हे त्यांनी दहादा सांगून बघितलं. परतरावांना ते पटेना. शेवटी घरच्यासाठी एक स्टूल विणताना ते पाचव्यांदा उसवायला निघाले तेव्हा म्हाताऱ्याने त्यांच्या हातातला टोचा काढून घेतला.

“अहो साहेब,” वेतकाका म्हणाले, “बसणारा खाली बघत नाही.”

टोचाच नाही म्हटल्यावर स्टूल पुरं झालं. परतरावांनी ते उजेडात धरून तीन वेळा तपासलं आणि त्यात एकही खोट सापडली नाही तेव्हा घरी नेऊन स्वयंपाकघरात ठेवलं. बायको त्यावर बसून भाजी निवडायला लागली. ती दिवसभर उभं राहून आलेली असायची, तिला बसायला काहीतरी हवंच होतं. परतराव दाराशी उभे राहून ती बसलेली बघायचे आणि त्या आठवड्यात रविवारचे चार कधी वाजून गेले ते त्यांना कळलंसुद्धा नाही.

असे आठ महिने गेले. मग एका महिन्याच्या पाच तारखेला वेतकाकांनी सांगितलं की आता बोटं वळत नाहीत, मी तीस तारखेला लेकीकडे कायमचा जातोय. खोलीच्या मालकाकडे एक मोबाइलची कव्हरं विकणारा आधीच हेलपाटे घालत होता. पण वेतकाकांनी मालकाला गळ घातली होती, माझ्या जागी वेतच विणणारा कुणी आला तर खोली त्याला द्या. मालकाने तीस तारखेपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. वेतकाकांनी बादली, टोचे, खुंट्यांचा डबा, सगळ्याकडे एकदा बोट केलं आणि मग परतरावांकडे बघितलं.

परतरावांनी संध्याकाळी बायकोला सांगितलं. फार प्रस्तावना केली. वय शेहेचाळीस, मुलीचं शिक्षण, बाबांना काय वाटेल, लोक काय म्हणतील. बायको स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. तिचा पगार घर चालवायला पुरेसा होता हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे त्यावर कुणी बोललं नाही.

“करा,” ती म्हणाली.

परतराव म्हणाले, अगं, जरा विचार तरी कर. ती म्हणाली, मी बारा वर्षं दर रविवारी चार वाजता तुमचं तोंड बघते आहे, विचार करून झालाय.

बाबांचं मात्र डोकं फिरलं. ज्या खुर्चीवर मी बसलो, जी मी तुझ्यासाठी राखली, ती सोडून तू लोकांच्या खुर्च्या विणत बसणार? एवढं बोलून त्यांनी मुलाशी अबोला धरला. पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून मुलगा समोर बसलेला असताना ते सुनेला म्हणायचे, त्याला सांग, चहा निवतोय. परतरावही बायकोकडूनच बाबांना निरोप द्यायचे की पितोच आहे.

बरं, खोली आत्ताच घेऊन टाकावी आणि राजीनामा मागाहून द्यावा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण नोकरीत असताना दुसरा धंदा करायला कार्यालयाची बंदी, आणि परतराव नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकतील तर शपथ. राजीनामा मंजूर झाल्याशिवाय किल्लीला हात लावणार नाही, असं त्यांनी वेतकाकांना सांगून टाकलं. सात तारखेला त्यांनी नमुना चौदा भरला. नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख. नववा रकाना होता ‘राजीनाम्याचे कारण (सविस्तर)’. तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो त्यांनी कोरा ठेवला आणि अर्ज आवक टेबलावर देऊन आले.

अर्ज वर मोठ्या साहेबांकडे गेला. मोठ्या साहेबांनी न वाचता कोपऱ्यात ‘तपासावे’ असं लिहिलं, ते सगळ्याच कागदांवर तसं लिहायचे. दहा तारखेला शिपाईमामांनी तो आणून परतरावांच्या टेबलावर ठेवला. परतरावांनी चष्मा चढवला, अर्ज वाचला आणि नववा रकाना कोरा दिसताच हात आपण होऊन गुलाबी चिठ्ठ्यांकडे गेला. ‘कारण नमूद नाही. पूर्तता करून फेरसादर करावे.’ चिठ्ठी टाचली, जावक टेबलाकडे दिली. बारा तारखेला तीच चिठ्ठी रीतसर त्यांच्या नावे आली आणि त्यांनी पोचपावतीवर सही केली. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की पाच दिवस गेले.

दुसऱ्या वेळी त्यांनी नवव्या रकान्यात लिहिलं, ‘कामाचा कंटाळा आला आहे’. पंधरा तारखेला अर्ज टेबलावर आला. तपासणारे परतराव आता जरा सावध होते. त्यांनी ठरवलं होतं की हा जाऊ द्यायचा. त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्यांच्या मनात आलं, कंटाळा आला आहे असं हा माणूस म्हणतो, पण कशावरून? उद्या कुणीही उठून असं म्हणेल. ‘कारणाच्या पुष्ट्यर्थ पुरावा जोडलेला नाही.’ परत.

सतरा तारखेला त्यांनी पुरावा जोडला, जोडपत्र अ. खिडकीचे गज, त्यातले गंजलेले, पंख्याच्या फेऱ्या, आणि सोबत त्याच आठवड्यात ठेवलेली जांभयांची नोंदवही. खरं सांगायचं तर या नोंदवहीने घोटाळा केला. जांभई आली की वेळ लिहायची, किती सेकंद टिकली ते लिहायचं, यात ते इतके रमले की दुसऱ्या दिवसापासून जांभया यायच्याच बंद झाल्या. तीन दिवसांच्या एकूण जांभया भरल्या चार. वीस तारखेला तपासताना परतरावांनी बरोबर त्यावरच बोट ठेवलं. पुरावा अपुरा, शिवाय तो अर्जदारानेच तयार केलेला. त्रयस्थ व्यक्तीचं निवेदन जोडावं.

तो कागद तिसऱ्यांदा उचलताना शिपाईमामांनी परतरावांकडे सरळ बघितलं. इथून उचलायचं, वर न्यायचं आणि परत इथेच आणून ठेवायचं, तर मधला जिना कशाला, असं त्यांनी विचारलं. गुडघे माझे आहेत, म्हणाले. परतरावांना हसू आलं नाही. त्यांची नजर भिंतीवर होती, कारण तिथल्या दिनदर्शिकेत आता दहाच चौकोन उरले होते. रोज मधल्या सुट्टीत ते बोळात जायचे आणि वेतकाका काही विचारायचे नाहीत. एक दिवस त्या खोलीबाहेर कव्हरवाला हातात मोजपट्टी घेऊन उभा होता आणि भिंतीची लांबी घेत होता. परतराव डबा न उघडताच परत आले.

बावीसला चिठ्ठी मिळाली. त्रयस्थ माणूस कुठून आणायचा? कार्यालयातले लोक सहकारी, म्हणजे हितसंबंध आले. बाबा बोलतच नव्हते. चार दिवस परतराव नुसते येरझाऱ्या घालत राहिले आणि शेवटी सव्वीसला सकाळी, बायको कामावर निघाली असताना, त्यांनी तिला विचारलं. पत्नी त्रयस्थ ठरते का, यावर त्यांच्या मनात शंका होतीच, पण ती त्यांनी गिळली. तिने पायातली चप्पल काढली, टेबलाशी बसली आणि दहा मिनिटांत एक पान लिहून पाकिटात घातलं. पाकीट चिकटवून वर लिहिलं, ‘तपासणी टेबलानेच उघडावे’. परतराव म्हणाले, अगं, ते टेबल म्हणजे मीच. ती म्हणाली, घरी तुम्ही टेबल नाही.

अर्ज चौथ्यांदा गेला. एकोणतीस तारखेला दुपारी एक वाजता शिपाईमामा जिना उतरून आले आणि त्यांनी तो परतरावांसमोर ठेवला. जाताना सांगून गेले की मोठे साहेब उद्या दौऱ्यावर आहेत, आज चारनंतर सही मिळणार नाही. म्हणजे आज अर्ज परत गेला तर संपलंच. परतरावांनी पाकीट फोडलं.

बायकोने लिहिलं होतं:

‘तपासणी टेबल यांस. अर्जदार माझे पती आहेत. त्यांना कंटाळा आला आहे हे खरं आहे. पण अर्ज चार वेळा करावा लागला तो कंटाळ्यामुळे नव्हे. त्यांना भीती वाटते. नव्या कामात चूक झाली तर काय, याची. म्हणून पुढील बाब नोंदवते. अर्जदारांनी विणलेल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलात डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात एक तिरकी पट्टी चुकली आहे. जिथे वरून जायला हवी तिथे ती खालून गेली आहे. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी आठ महिने त्या स्टुलावर बसते आहे. स्टूल मोडलेलं नाही आणि मी पडलेले नाही. दिवसभर उभं राहून आल्यावर घरात मला त्याच्याइतकं बरं कशावरच वाटत नाही. तरी अर्ज मंजूर व्हावा.’

खाली तिची सही होती.

परतराव आधी चिडले. त्यांचा विश्वासच बसेना. तीन वेळा उजेडात धरून तपासलेलं स्टूल, आणि त्यात खोट? आणि हिने आठ महिने चकार शब्द काढला नाही? मग त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. ‘त्यांना भीती वाटते’ इथे आले आणि चष्म्याची काच धूसर झाली म्हणून तो काढून पुसला. काच साफच होती. बावीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून हजारो कागद गेले होते, पण त्यांच्याविषयी खरं असं काही कुणी लिहून दिलेलं नव्हतं, आणि ते वाचताना त्यांना लाज वाटली आणि बरंही वाटलं.

आणि तेवढ्यात त्यांना दिसलं. सहीखाली तारीख नव्हती.

आता काय सांगू तुम्हाला. तारीख नसलेलं निवेदन म्हणजे निवेदनच नव्हे. त्यांनी अशा तारखा नसलेल्या कागदांचे डोंगर परत पाठवले होते. हात निघाला. हाताने गुलाबी चिठ्ठी ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, ‘जोडपत्र ब वर’. पुढचे दोन शब्द लिहायचे तेवढे राहिले. परतराव आपल्या हाताकडे बघत होते. त्या हाताच्या बोटांना वेताच्या चिरा पडलेल्या होत्या, तर्जनीवर खुंटी ठोकताना बसलेला घाव काळा पडला होता. त्यांना म्हाताऱ्याने काढून घेतलेला टोचा आठवला. इथे काढून घेणारं कुणी नव्हतं. त्यांनी पेन स्वतःच खाली ठेवलं.

मग त्यांनी खण पूर्ण बाहेर ओढला. निळा शिक्का पार मागे, कागदाच्या पुडीत होता. रबर कोरडं ठक्क पडलेलं. त्यांनी त्यावर फुंकर मारली, निळ्या शाईच्या गादीवर दाबला, कागदावर उमटवला. नुसतं ‘तपासले’ एवढंच उमटलं. पुन्हा दाबला. शेजारच्या टेबलावरच्या बाई उठून उभ्या राहिल्या. निळा रंग त्या मजल्यावर कुणी बघितलाच नव्हता. तिसऱ्या वेळी परतरावांनी मुठीचा सगळा भार टाकला आणि ‘तपासले, त्रुटी नाही’ असं स्वच्छ उमटलं. शिपाईमामा हाकेसरशी आले. त्यांनी कागद घेतला आणि गुडघ्यांची पर्वा न करता दोन-दोन पायऱ्या चढून गेले.

वर काय झालं ते शिपाईमामांनीच नंतर सगळ्यांना सांगितलं. मोठ्या साहेबांनी शिक्का बघितला आणि आधी विचारलं, हा आपल्याच कार्यालयाचा ना? मामा म्हणाले, हो. मग साहेब म्हणाले, याला यात काही सापडलं नाही तर मी काय वाचायचंय? आणि सही केली. बहुधा दुसऱ्या दिवशी दौऱ्याच्या गाडीत त्यांना समजलं असावं की आपण कुणाचा राजीनामा मंजूर केला, कारण वाटेतून त्यांचा फोन आला होता म्हणे. पण तोवर परतरावांचं टेबल रिकामं होतं आणि बोळातल्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात होती.

ती किल्ली घेऊन ते तीस तारखेला संध्याकाळी घरी आले. बाबा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मुलाच्या अंगठ्याकडे बघितलं. निळी शाई अजून गेली नव्हती.

“मारलास?” बाबांनी विचारलं. तीन आठवड्यांत ते मुलाशी पहिल्यांदा थेट बोलत होते.

“मारला.”

“काय नव्हतं त्यात?”

“तारीख.”

बाबांनी बराच वेळ मान हलवली. “माझ्या वेळी फोटो नव्हता,” ते म्हणाले आणि सुनेला हाक मारून सांगितलं की त्याला चहा दे. मग त्यांना आठवलं की आता अबोला सुटलाय, तेव्हा ते परतरावांनाच म्हणाले, जा, चहा पी.

परतराव स्वयंपाकघरात गेले ते थेट स्टुलाकडे. ते उलटं-सुलटं केलं, खिडकीशी नेलं, डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. होती. एक तिरकी पट्टी वरून जायची ती खालून गेली होती, अगदी उघड. आपल्याला ती दिसली कशी नाही, याचं त्यांना नवल वाटत राहिलं. तेवढ्यात दुसरी गोष्ट आठवली आणि जरा मोठेपणा घेत ते बायकोला म्हणाले, तू निवेदनावर तारीख टाकायला विसरलीस, मी सांभाळून घेतलं.

ती गॅसपाशी उभी होती. तिच्यामागच्या फळीवर बरण्या ओळीने होत्या. साखर, मीठ, चहा, आणि प्रत्येकीवर तिच्या अक्षरात तारीख. कोपऱ्यात झाडू उभा होता, त्याच्या दांड्यावरही.

“मी?” ती म्हणाली. “विसरेन?”

परतराव बरण्यांकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. ती म्हणाली, त्या एवढ्याशा कारणासाठी कागद परत आला असता ना, तर मी समजले असते की तुम्हाला जायचंच नाही. मग मी पुन्हा विषय काढला नसता.

परतरावांनी स्टूल खाली ठेवलं, त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि कोपऱ्यातल्या त्या पट्टीशी नख लावलं. एवढीच तर आहे. जरा उचकटली की नीट करता येईल, पाच मिनिटांचं काम.

“अहो, सरका,” बायको म्हणाली, आणि चहाचा कप हातात घेऊन त्या स्टुलावर बसली.